बंद पडलेल्या लॅपटॉपची हार्ड डिस्क नव्या लॅपटॉपमध्ये बसवली तर जुन्या फाइली मिळतील का?

मिळतील, पण डिस्क आत बसवू नका, बाहेरून जोडा. लॅपटॉप सुरूच होत नाही आणि त्यात वडिलांनी टाइप केलेलं मराठी लिखाण आहे, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझे वडील अमळनेरला शिक्षक होते. आजीला येणारी कानबाईची, म्हणजे खानदेशातल्या देवीची, अहिराणी बोलीतली गाणी त्यांनी दर श्रावणात तिच्याजवळ बसून लॅपटॉपवर उतरवून घेतली. पुढे लॅपटॉपचा मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, बिघडला. मी डिस्क काढून भावाच्या लॅपटॉपमध्ये घातली, तर जुनं विंडोज निळा स्क्रीन दाखवून थांबलं आणि पुढच्या वेळी आपणहून डिस्क दुरुस्त करायला लागलं. फाइलींची एकुलती एक प्रत असलेल्या डिस्कवर अशी दुरुस्ती नकोच. शिवाय आताच्या बऱ्याच लॅपटॉपांत फक्त एम.२ एसएसडी (पातळ पट्टीसारखी डिस्क) बसते, अडीच इंची डिस्कला आत जागाच नसते.

मग जळगावच्या गोलाणी मार्केटमधून साटा-टू-यूएसबी केबल आणली, म्हणजे लॅपटॉपची डिस्क यूएसबीला जोडणारी. चार्जर आणि बॅटरी काढा, मागचे स्क्रू खोला, डिस्क कनेक्टरपासून अलगद सरकवा. अडीच इंची डिस्कला वेगळा वीजपुरवठा लागत नाही, यूएसबीचा पुरतो. फारच जुना लॅपटॉप असेल तर डिस्क आयडीई या जुन्या प्रकारची निघेल, बारीक पिनांच्या दोन ओळींची. तिला केबल वेगळी.

जोडल्यावर ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं तर कॅन्सल करा. ‘युजर्स’मधलं वडिलांच्या नावाचं फोल्डर परवानगी मागेल, तिथे कंटिन्यू चालेल. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते, ती वडिलांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधा. डिस्कमधून टक-टक आवाज आला तर लगेच काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाणी कॉपी झाली, फाइल उघडली, तर मराठीच्या जागी नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं! फाइल बिघडलेली नव्हती. तेव्हा बरेच जण युनिकोड (सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करायचे, आणि तो फॉन्ट नव्या मशीनवर नव्हता. जुन्या डिस्कवर ‘विंडोज’च्या आत ‘फॉन्ट्स’ फोल्डर असतं, त्यातले मराठी फॉन्ट आणून इन्स्टॉल केले आणि अक्षरं जागेवर आली. म्हणून नुसते डॉक्युमेंट घेऊन डिस्क पुसू नका, ते फोल्डरही घ्या. नंतर त्या फॉन्टचा कन्व्हर्टर शोधून मजकूर युनिकोडमध्ये आणा. जोडाक्षरं आणि रफार मात्र डोळ्यांनी तपासावे लागतात.

वडील शेजारीच बसले होते. ‘सापडनात का रे?’ म्हणजे सापडली का, असं त्यांनी अहिराणीत भावाला विचारलं. मी पहिलं गाणं मोठ्यानं वाचून दाखवलं.