कपाटातले वीस ताव

ताई, मी ३६ वर्षांची आहे. नोकरी करते. संध्याकाळी जलरंगात चित्रं काढायला वेळ मिळावा म्हणून दोनदा बढती नाकारली. मोठी बहीण म्हणते, ‘वर्षभरात प्रदर्शन लाव, नाहीतर हा नाद सोड आणि नोकरीकडे बघ.’ तिनेच मला शिकवलं, त्यामुळे तिचा शब्द मोडवत नाही. पण चित्रं जमतच नाहीत. रंग गढूळ होतात, वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, सपाट बसत नाही. रोज ऑफिसातल्या पाठकोऱ्या कागदांवर सराव करते. तीन वर्षांपूर्वी चांगला कॉटनचा कागद घेतला होता, वीस ताव, तो हात बसला की काढणार आहे. बहिणीला कसं समजावू? की तिचंच बरोबर आहे?
— एक वाचक

तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे. इथे थोडक्यात दिलंय. त्यातली साडेतीन पानं बहिणीची आहेत. मी मात्र अडकले ती त्या वीस तावांपाशी. एका वाक्यात उरकलंस तू ते, आणि लगेच पुन्हा बहिणीकडे वळलीस.

अगं, प्रिंटरचा कागद असतो सत्तर-ऐंशी जीएसएमचा, म्हणजे पातळ, लाकडाच्या लगद्याचा. तो अक्षरं छापण्यासाठी केलेला असतो. त्यावर पाणी सोडलं की तो फुगतो, लाटा येतात, रंग खळग्यांत जाऊन साचतो आणि दुसरा हात फिरवला की खालचा थर उचकटून वर येतो. त्यावर सपाट वॉश मुरलेल्या चित्रकारालाही घालता यायचा नाही. कवितेला असा कागद चालतो. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनने जुन्या पाकिटांच्या तुकड्यांवर कविता लिहिल्या, शब्दांचं काही बिघडलं नाही. जलरंगाचं तसं नाही. तिथे निम्मं काम कागद करतो. जाड कॉटनचा कागद पाणी धरून ठेवतो, रंग पसरायला वेळ देतो, चुकलं तर थोडं उचलूही देतो. ज्या कागदावर हात बसूच शकत नाही त्यावर तीन वर्षं हात बसायची वाट बघतेयस, आणि गढूळ रंगांचा दोष स्वतःला देतेयस. वाचताना मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगते, रागही आला.

राग याचा, की बहिणीने निदान एक वर्ष तरी दिलं. तू स्वतःला घातलेल्या अटीला मुदतच नाही. ‘हात बसला की’ म्हणजे कधी? कोण ठरवणार? बहिणीला तुझी चित्रं भिंतीवर टांगण्याजोगी हवीत आणि तुला ती चांगल्या कागदाच्या लायकीची हवीत. मागणी एकच आहे. आधी सिद्ध कर, मग मिळेल. फरक इतकाच, की बहीण हे अधूनमधून बोलून दाखवते आणि तू रोज संध्याकाळी पाठकोरा कागद पुढ्यात ओढून स्वतःला ऐकवतेस.

बक्षिसाची अट घातली की आवडीचं काय होतं, हे १९७३ मध्ये अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर पाहिलं होतं. चित्रं काढायला मनापासून आवडणारी मुलं. त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल. त्यांनी काढलं, त्यांना मिळालं. पुढे आठ-पंधरा दिवसांनी, कुणी काही देणार नसताना, हीच मुलं बाकीच्यांपेक्षा जवळजवळ निम्माच वेळ रंगांपाशी रमली. प्रमाणपत्र न मागता अचानक मिळालेल्या मुलांची गोडी मात्र टिकून होती. तुझ्या पत्रात बढतीचा हिशेब आहे, प्रदर्शनाचा आहे. पण शेवटचं चित्र कशाचं काढलंस, हे कुठेच नाही. मी मुद्दाम शोधलं.

बहिणीला काय सांगायचं? काही नाही. तिने शिकवलं म्हणून तुझ्या संध्याकाळीही तिच्या होत नाहीत. पुन्हा विचारलं तर ‘प्रदर्शन लावणार नाहीये’ म्हण आणि विषय बदल. तिचं बरोबर की चूक, यात मला पडायचंच नाही.

आता त्या कागदाबद्दल, कारण घाई आहे. जलरंगाच्या कागदाला खळ दिलेली असते, काही कागदांना जिलेटिनची. रंग एकदम आत शोषला जाऊ नये म्हणून. दमट कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिला की ही खळ जागोजागी मरते. मग त्या ठिकाणी रंग टीपकागदासारखा आत ओढला जातो, काळपट ठिपके उठतात, आणि ते बाहेरून आधी दिसत नाहीत. ज्याला जपून ठेवलंयस ते कपाटात हळूहळू बिघडत असेल.

म्हणून आज रात्रीच पहिला ताव बाहेर काढ आणि त्याचे चार तुकडे कर. हो, फाड. पट्टी धरून घडीवर फाडला तरी चालतो. वीस चोक ऐंशी. पहिल्या तुकड्यावर सगळ्यात अवघड वाटतो तोच वॉश घाल. बिघडला तर उलट्या बाजूला काढ, कॉटनचा कागद दोन्ही बाजूंनी चालतो. पाठकोरं वापरायची सवय आहेच तुला, तिचा इथे उपयोग कर. ऐंशी तुकडे संपेपर्यंत यातलं एकही चित्र कुणाला दाखवायचं नाही, बहिणीला तर नाहीच.

संपले की मला दोन ओळी लिही. चित्रांचे फोटो नकोत. कपाटात किती ताव उरले, तेवढाच आकडा कळव. मला तो शून्य हवाय.