लिफ्टमध्ये शेजारी नजर चुकवतात, माझं काही चुकतं का?

“मी लिफ्टमध्ये शिरले की सगळे मोबाईल काढतात. चाळीत असं कुणी कधी केलं नाही हो, मॅडम.”

गिरगावातल्या चाळीचा पुनर्विकास झाला आणि काकू टॉवरच्या सतराव्या मजल्यावर राहायला गेल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आपण कुणाला नकोसे झालोय, असं मनानं घेतलं आणि संध्याकाळचं खाली उतरणंच बंद झालं.

टॉवरमध्ये नव्यानं गेलेल्यांकडून ही तक्रार हमखास ऐकू येते. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये या वागण्याची फोड करून ठेवली आहे: परक्याची ओझरती दखल घ्यायची आणि लगेच नजर काढून घ्यायची, म्हणजे त्यालाही अवघडत नाही. एरवी हातभर अंतराच्या आत आपण घरच्यांनाच येऊ देतो. भरलेल्या लिफ्टमध्ये तिथे परका उभा असतो. मग निदान नजर तरी लांब ठेवावी, म्हणून सगळे मजल्यांच्या आकड्यांकडे बघत बसतात, जणू तिथे दहावीचा निकाल लागणार आहे.

काकूंना हे काही पटलं नाही. मग म्हटलं, “तुमच्याकडे कोण बघतं ते सोडा. दुसरं कुणी आत आलं की काय होतं, तेवढं बघून या.”

पुढच्या भेटीत काकूंची कळी खुलली होती. चौदाव्या मजल्यावरचं जोडपं कडाकडा भांडत होतं, दार उघडताच गप्प! आणि तो मोबाईलवाला मुलगा? “आत नेटवर्क कुठे असतं? नुसताच स्क्रीन इकडून तिकडे सरकवत होता.” त्याच मुलानं न सांगता सतराचं बटण दाबलं आणि त्यांची भाजीची ट्रॉली बाहेर निघेपर्यंत पाय आडवा घालून दार धरलं.

तुसडेपणा खराही असतो, बरं का. घरकामाच्या मावशींना “तुमची लिफ्ट ती” म्हणून बाहेर काढणाऱ्यांची मी बाजू घेणार नाही. आणि लिफ्टमध्ये छातीत धडधडत असेल, घाम फुटत असेल, त्यापायी कुणी जिने चढत असेल, तर तो प्रश्न वेगळा. त्यावर उपचार आहेत, ते जरूर घ्यावेत.

काकूंनी लिफ्टमधल्या गप्पांचा नाद सोडला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र मजल्यावरच्या प्रत्येक दाराची बेल वाजवून केलं.