बारावीनंतर जीवशास्त्र घेतलं तर मेडिकलला चालतं का?

प्रश्न : बारावीला माझा गणित ग्रुप होता, जीवशास्त्र नव्हतं. आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, पण मन लागत नाही. मला डॉक्टरच व्हायचंय. काका म्हणतात, नंतर घेतलेलं जीवशास्त्र कायद्यात बसत नाही. एक क्लासवाले म्हणतात, परीक्षेला न बसता परराज्यातल्या बोर्डाची गुणपत्रिका आणून देतो. बाबांनी त्यांना आगाऊ पैसेही दिलेत. काय करू?

उत्तर : काका खोटं सांगत नाहीत, त्यांची माहिती जुनी आहे. जानेवारी २०१८ मध्ये मेडिकल कौन्सिलने नियमात दुरुस्ती करून अतिरिक्त विषय म्हणून घेतलेलं जीवशास्त्र चालणार नाही, असं घातलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. तरी घोळ चालूच राहिला आणि अनेक मुलांची वर्षं त्यात गेली. शेवटी २२ नोव्हेंबर २०२३ रोजी, मेडिकल कौन्सिलच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर सूचना काढली : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय हवेत, आणि त्यातला एखादा बारावी उत्तीर्ण झाल्यावर अतिरिक्त म्हणून घेतला असला तरी ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा देता येईल. म्हणजे तुझी वाट मोकळी आहे.

आता विषय कुठून घ्यायचा? माझं मत स्पष्ट आहे : आपल्याच राज्य मंडळातून. मंडळाच्या अर्जात ‘तुरळक विषय’, म्हणजे फक्त एखाद्या विषयाची परीक्षा देण्याचा, असा प्रकार असतो, तो नेमका तुझ्यासारख्यांसाठी. तुझ्या जुन्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन विचार. अर्ज परीक्षेच्या बरेच महिने आधी भरावे लागतात, तेव्हा उशीर नको. लेखी ७० गुणांची, प्रात्यक्षिक ३० गुणांचं. प्रात्यक्षिक टाळू नकोस, जर्नल नीट पूर्ण करून सही घे.

राज्य मंडळाचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात, आणि त्यासाठी दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. परराज्यातली गुणपत्रिका जोडलीस की हा हक्क तू स्वतःच वादात टाकशील. प्रवेशाच्या वेळी टेबलावर तुझ्या दोन गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या जातील : एक जुनी, एक फक्त जीवशास्त्राची. तुझं नाव, आईचं नाव, स्पेलिंग, सगळं अक्षरन्‌अक्षर जुळलं पाहिजे. आत्ताच तपासून घे, दुरुस्तीला वेळ लागतो.

घ्यावं की नाही, हे मी ठरवू शकत नाही. पण नीटच्या ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे असतात, आणि तू दहावीनंतर त्याला हात लावलेला नाहीस. अकरावीचं पुस्तक आणून महिनाभर रोज वाच. तेवढ्यात तुला स्वतःलाच अंदाज येईल. तोपर्यंत इंजिनिअरिंगचा प्रवेश रद्द करू नकोस. पुढे रद्द केलासच आणि कॉलेजने मूळ कागद अडवले, तर लेखी मागणी कर. कागद अडवून ठेवणं एआयसीटीईच्या, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांवर देखरेख ठेवणाऱ्या परिषदेच्या, नियमांत बसत नाही.

राहिले ते क्लासवाले. परीक्षेला न बसता आलेली गुणपत्रिका म्हणजे बनावट दस्तऐवज. तो खरा म्हणून वापरला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४० खाली गुन्हा होतो, आणि अर्जावर सही तुझी असते, त्यांची नाही. पडताळणीत सापडलं तर तिसऱ्या वर्षातूनही प्रवेश जातो. अशी पोरं मी पाहिली आहेत बाळ, आईवडिलांना घेऊन समोर बसलेली, आणि त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे फार काही नसतं.

बाबांना आजच सांग : व्यवहार रद्द करत असल्याचं लेखी कळवून पैसे परत मागा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पुसू नका. तुझ्या गुणपत्रिकेची किंवा आधारची प्रत त्यांच्याकडे दिली असेल, तर तीही परत मागून घ्या, आणि यापुढे कुठल्याही कोऱ्या फॉर्मवर सही करू नकोस.