दिवसभर स्टिअरिंग फिरवतो, हा व्यायाम नाही का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी ४६ वर्षांचा, एसटीत ड्रायव्हर आहे. वर्षभरापासून बीपीची गोळी चालू आहे. बायको मागे लागलीय रोज चालायला जा म्हणून, पण अहो दिवसभर क्लच-ब्रेक करून अंग पार आंबून जातं, हा काय कमी व्यायाम आहे का? त्यात मुक्कामी गाडी असली की रात्र बाहेरच. मुलाने घड्याळ दिलंय त्यात ठोके दिसतात, ते कितीपर्यंत गेले पाहिजेत?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : भाऊ, वहिनींचं ऐका. गंमत म्हणजे हृदयाला व्यायाम लागतो हे सगळ्यात आधी ज्या अभ्यासातून नीट समोर आलं ना, तो तुमच्याच लायनीतल्या लोकांवर झालाय. लंडनच्या डबलडेकर बसवर. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, १९५३ साली ते छापून आलं, आणि दिसलं काय तर एकाच बसवर, एकाच ट्रॅफिकमध्ये काम करणाऱ्या या दोघांपैकी कंडक्टरना हार्ट अटॅक कमी, आणि आला तरी त्यात दगावणारे कमी. कारण कंडक्टर तिकिटं काढत दिवसाला पाचशेच्या वर पायऱ्या चढायचा आणि ड्रायव्हर आपला सीटवर. लोक म्हणाले, ड्रायव्हर आधीच जाडे असतील. मग मॉरिस यांनी युनिफॉर्मच्या पॅंटींची मापं काढली! ड्रायव्हरची कंबर खरंच मोठी निघाली, पण सारख्या अंगाचे दोघे घेतले तरी कंडक्टरच फायद्यात.

तुम्ही दमता हे खरंय, पण ते दमणं पाठीचं, खांद्यांचं आणि टेन्शनचं. पायांचे मोठे स्नायू सलग चालले की हृदयाला मिनिटाला पाच लिटरच्या जागी दहा-बारा लिटर रक्त ढकलावं लागतं, आणि हे रोज झालं की काही महिन्यांत ते एका ठोक्यात जास्त रक्त टाकायला शिकतं, म्हणून बसल्या जागी ठोके कमी होतात. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्या सैलावतात, बीपी असलेल्यांचं वरचं माप साधारण पाच ते आठ पॉइंट उतरू शकतं. म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही हां, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं सांगते, आणि २०२० पासून एका वेळी निदान दहा मिनिटं हवीतच ही अटही त्यांनी काढून टाकलीय. म्हणजे स्टँडवर गाडी लागली, सुटायला वेळ आहे, तर चहाच्या टपरीवर बसण्याऐवजी आवारात झपाझप फेऱ्या मारा. मुक्कामाच्या गावी सकाळी गाडी काढायच्या आधी गावाबाहेरपर्यंत जाऊन या. स्पीड असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही.

घड्याळाचं म्हणाल तर २२० मधून वय वजा करा, तुमचे १७४ येतात, त्याचे पन्नास ते सत्तर टक्के म्हणजे ८७ ते १२२. पण तुमची गोळी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल असेल तर ती ठोके मुद्दाम दाबून ठेवते, मग हा हिशोब चुकतो, तेव्हा बोलण्या-गाण्याची परीक्षाच बरी. आणि चालताना छातीवर दाब आला, जबडा किंवा हात भरून आला, चक्कर आली तर तिथंच थांबा आणि ताबडतोब दवाखाना गाठा, ॲसिडिटी असेल म्हणून सोडा पिऊन वाट बघत बसू नका. ड्युटीवर जागं राहायला मावा चघळत असाल (तुमच्या भागात विचारायलाच नको) तर तो बंद करा, नाहीतर चालून कमावलेलं तिकडे जातं.

प्रश्न : डॉक्टर, आम्ही मैत्रिणी रोज सकाळी तासभर चालतो, पण माझं वजन एक किलोही हललं नाही. मग हे चालणं फुकटच ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अजिबात नाही ताई. काटा हलला नाही तरी बीपी, साखर, रक्तवाहिन्या यांच्यावर फायदा होतच असतो, वजनाचा बराचसा खेळ ताटात असतो. फक्त एक विचारते, त्या तासातली किती मिनिटं बाकावर जातात? गप्पा मारा, त्यानेच रोज जावंसं वाटतं, पण मधे दोन-तीन मिनिटं असा वेग वाढवा की सगळ्यांची बोलती जरा बंद होईल, मग परत सावकाश, मग परत वेग.