ऑपरेशननंतरही कंबर दुखतेय?

भावा, मणक्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले तरी कंबर दुखते म्हणून तू खचलायस, कळतंय मला. माझ्या एल-फोर, एल-फाइव्हच्या, म्हणजे कंबरेतल्या खालच्या दोन मणक्यांच्या ऑपरेशननंतर मलाही वाटलेलं, सुटलो एकदाचं. पण ऑपरेशनने नसेवरचा दाब निघतो, मणक्याची झीज भरून येत नाही. पायातली कळ गेली आणि कंबर ठणकत राहिली, तर ऑपरेशन फसलं असं लगेच धरू नकोस.

रंकाळा तलावावर चालायला जा, पण पूर्ण फेरीचा हट्ट नको. सुरुवातीला मी दहा मिनिटं चालून कट्ट्यावर टेकायचो, मग परत. बरं वाटलं म्हणून एकदा जास्त चाललो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात गेले. तेव्हापासून चांगल्या दिवशीही ठरलं तेवढंच. उठताना आधी कुशीवर वळ, पाय खाली सोड, मग हाताने रेटा देऊन बस.

तालमीत कुणी कंबर चोळून, मोडून देतो म्हणाला तरी जाऊ नकोस. आपल्याकडे पहिला सल्ला तोच मिळतो, म्हणून कळकळीनं सांगतोय.

आणि लघवी अडली, मांड्यांच्या मधे बधिर झालं किंवा पायातला जोर गेला, तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठ. सकाळपर्यंत थांबू नकोस.