सिमेंट, वाळू आणि खडी: पर्यावरणाला जास्त भारी काय पडतं?

तुमचं घराचं काम निघालंय आणि यातलं सगळ्यात वाईट कोणतं, असं तुम्ही विचारलंय. साइटवर वावरणाऱ्या माणसाचं उत्तर: हवेला सिमेंट, नदीला वाळू. खडीचा जाच मुख्यतः क्रशरच्या आसपासच्या गावांना. तिथल्या ज्वारीच्या पानावरून बोट फिरवून बघा.

सिमेंटचं दुखणं नुसतं कोळशाचं नाही. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातच बांधलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना हाती लागतो, बाकी ४४ किलो वायू होऊन उडून जातो. म्हणजे उद्या कोळसा बंद केला तरी हा भाग सुटत नाही. ओपीसीच्या, म्हणजे राख न मिसळलेल्या साध्या सिमेंटच्या, ५० किलोच्या गोणीमागे साधारण ४० किलो वायू धरा. एम-२० म्हणजे घरासाठी नेहमी वापरतात त्या काँक्रीटच्या एका घनमीटरला आठेक गोण्या लागतात. वजनात सिमेंट जेमतेम सहावा हिस्सा, पण कार्बन बहुतेक सगळा त्याचाच.

वाळूचा हिशेब मात्र कार्बनमध्ये मांडूच नका. पात्रातली वाळू ही नदीची पाण्याची टाकी. पावसाळ्यात मुरलेलं पाणी त्यात टिकतं आणि काठच्या विहिरींना पुढे पुरतं. भीमेसारख्या नदीत पोकलेन लावून खडक उघडा पाडला की विहिरी लवकर तळ गाठतात. वर उजनीसारखं धरण असलं की वाहून येणारी वाळू तिथेच अडते, खालचा खड्डा भरणार कशाने?

म्हणून माझं मत क्रश सँडच्या, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूच्या बाजूने. त्यासाठी डोंगर फोडावा लागतो, हे आहेच. पण खाणीला निदान हद्द आखता येते. धुतलेली घ्या, आणि धुण्याचा गाळ क्रशरवाला ओढ्यात तर सोडत नाही ना, एवढं विचारा. मिस्त्री प्लॅस्टरच्या वेळी कुरकुर करेलच. त्याला प्लॅस्टरची बारीक क्रश सँड वेगळी आणून द्या.

सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं घ्या. त्यात १५ ते ३५ टक्के औष्णिक केंद्राची राख असते, तेवढी भाजलेली चुनखडी वाचते. 'राखेचं सिमेंट कच्चं' हे ठेकेदाराचं बोलणं मनावर घेऊ नका. ताकद जरा सावकाश येते, इतकंच. सेंटरिंग (काँक्रीटखालचा तात्पुरता आधार) काढायची घाई करू देऊ नका आणि पाणी निदान दहा दिवस मारा.