जुन्या व्हीएचएस कॅसेट डिस्कवर उतरवताना

जुन्या व्हीएचएस (व्हिडिओ) कॅसेट डिस्कवर कशा उतरवायच्या, असे तुम्ही विचारले आहे. तुमच्या कॅसेट अजून चालतात ही जमेची बाजू आहे, तेव्हा घाई करू नका. आधी प्रत्येक कॅसेटच्या कडेची लहान प्लास्टिकची पट्टी मोडा, म्हणजे तिच्यावर चुकून नवे चित्रण होणार नाही. मग फीत नीट पाहा. तिच्यावर पांढरट बुरशी दिसली, तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये, म्हणजे कॅसेट चालवणाऱ्या यंत्रात, मुळीच घालू नका, कारण ती बुरशी आतल्या हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या कॅसेटनाही लागू शकते.

नवशिक्यांची सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एकाच डिस्कवर सगळे कोंबणे. ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर चांगल्या दर्जाचे साधारण २ तासांचेच चित्रण मावते. त्याहून अधिक भरले, तर चित्र चौकोनी ठिपक्यांत फुटू लागते. म्हणून प्रथम संगणकावर फाइल तयार करा, ती शेवटपर्यंत पाहून आवाज आणि चित्र जुळते का हे तपासा आणि मगच डिस्क करा. ३ तासांची कॅसेट संगणकावर उतरवायला ३ तास लागणारच. इथे जवळची वाट नाही.

रंगसुधारणा सध्या बाजूला ठेवा. मात्र कळकळीने सांगतो, डिस्क झाली तरी मूळ कॅसेट टाकून देऊ नका आणि फाइलची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवरही ठेवा.